चटणीसाठी पाच फुटांची टाकी

१८ एप्रिल

उत्कर्षा मे महिन्यात तीन आठवडे माझ्याकडे राहायला येणार. दुपारी वकीलसाहेबांनी फोन करून नक्की सांगितलं. वैजयंतीच्या बाजूने हरकत आलेली नाही. जूनमध्ये न्यायाधीश उत्कर्षाला स्वतः विचारणार, आईकडे राहायचं की वडिलांकडे. "पोरगी तेरा वर्षांची आहे, शिवराजभाऊ. तिच्या शब्दाला वजन असणार. हे तीन आठवडे नीट जाऊ द्या," असं ते म्हणाले.

वैजयंती जुळे सोलापूरला भावाच्या फ्लॅटवर गेली त्याला दोन दिवाळ्या झाल्या. मला दर रविवारी दुपारचे काही तास मिळतात. त्यात पोरगी डोसा खाते, मोबाइल बघते आणि घड्याळ बघते.

तिची एक अट आहे. चटणी सोबत येणार. चटणी म्हणजे तिने पाळलेली पाल. ती गेको म्हणते. मैत्रीण पुण्याला गेली तेव्हा देऊन गेली. पिवळट अंग, काळे ठिपके, जाड शेपूट. भिंतीवर चढत नाही, जमिनीवरच फिरते. मामाच्या घरी ती प्लॅस्टिकच्या डब्यात राहते, ज्यात आपण हिवाळ्याचे कपडे ठेवतो तसल्या.

रात्री तिचा मेसेज आला. "पप्पा, टाकी पाहिजे. लांबी तीन फूट, रुंदी दीड, उंची दीड. तीन बाजू झाकलेल्या. लपायला दोन जागा, एक गरम बाजूला, एक गार बाजूला. खाली फरशी नाहीतर कागद. उंच नको."

दोन दिवाळ्यांत पहिल्यांदा तिने माझ्याकडे काही मागितलं.

२१ एप्रिल

घरी आईला, अव्वाला सांगितलं. ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "पालीचं नाव चटणी? मग ताटात चटणी वाढ म्हणायची बी चोरी झाली की." खायला काय घालतात, असं विचारलं. जिवंत किडे, असं सांगितल्यावर तिने सूप बाजूला ठेवलं. "लिंगायताच्या घरात हे न्हाय चालायचं, शिवा."

मी म्हटलं, "नात पाहिजे का नको?"

सोमवार होता, पूजेला उठून गेली.

२३ एप्रिल

आवेजच्या दुकानात गेलो होतो. तो माशांच्या टाक्या बनवतो, पक्षी-प्राण्यांचं खाणंही ठेवतो. त्याला मेसेज दाखवला. तो म्हणाला, "बच्चीने बरोबर लिखा है भाऊ. इसकू उंची नक्को, जमीन होना. तीन फूट बस."

मी म्हटलं, पाच फूट कर. कारखान्यात माझ्या जुन्या केबिनच्या काचा पडून आहेत. यंत्रमागांच्या मधोमध उंचावर ती केबिन होती, चारी बाजूंनी काच. खुर्चीत बसून एकेक माग दिसायचा. कॅमेरे लावल्यापासून केबिनची गरज उरली नाही. जाड, उत्तम काच आहे.

"पाच फूट लंबाई चलती. लेकिन तीन बाजू काला कागद लगाना पडेगा," आवेज म्हणाला.

मी नको म्हटलं. एवढी चांगली काच झाकायची कशाला? टाकी हॉलच्या मधोमध ठेवणार, कुठूनही बघता यावं म्हणून. उंची अडीच फूट सांगितली. दीड फुटात ती बाकड्यासारखी दिसली असती.

"जनावर के वास्ते है का शोरूम के वास्ते?" असं विचारून तो हसला. मीही हसलो. दुकानदाराला गिऱ्हाईक मोठं माप सांगतंय तेव्हा अडवायचं कारण नसतं. त्याने अडवलं नाही.

३० एप्रिल

टाकी आली. चार माणसांनी उचलून आणली. एमआयडीसीतल्या वेल्डरने लोखंडी स्टँड केला आहे. वैजयंतीच्या भावाच्या फ्लॅटमध्ये ही दारातून आत जायची नाही.

खाली आमच्याच कारखान्याचा पांढरा टर्किश टॉवेल अंथरला, परदेशी जातो तो. काठावर आमचं नाव विणलेलं आहे. दिसायला झकास.

वर भिंतीच्या कोपऱ्यात कॅमेरा बसवून घेतला. आतलं तापमान दाखवणाऱ्या यंत्राचा आकडाही त्यात दिसतो. उत्कर्षाच्या मोबाइलवर त्याचं ॲप घालायला सांगितलं आणि पासवर्ड कळवला. आईकडे असतानाही तिला इथलं दिसेल. माझ्या घरात झाकण्यासारखं काही नाही, हे तिला कळलेलं बरं.

वैजयंतीला कॅमेऱ्याचा एवढा राग का होता, ते मला आजवर समजलेलं नाही. स्वयंपाकघरात एकच होता. दूध उतू जाताना दिसलं तर मी कारखान्यातून फोन करून सांगायचो, गॅस बारीक कर. ती मदतच होती. कारखान्यात आठ कॅमेरे आहेत, एका कामगाराने कधी तक्रार केली नाही.

५ मे

उत्कर्षा आली. डबा मांडीवर धरून रिक्षातून उतरली.

टाकीकडे बघत ती दारातच उभी राहिली. मला वाटलं, भारावली. मग चारी बाजूंनी फिरली आणि म्हणाली, "पप्पा, ही सगळीकडून उघडी आहे."

"बघायला सोपं," मी म्हटलं.

"आपल्याला."

मग टॉवेलवर हात फिरवला. "ह्याच्यात नखं अडकतील तिची."

"आपल्या टॉवेलचा लूप, हा सुताचा बारीक फासा, ओढला तरी निघत नाही. गॅरंटी आहे."

"तेच म्हणते मी," ती म्हणाली.

टॉवेल काढून तिने कागद अंथरला. अव्वाकडून मातीच्या दोन कुंड्या घेतल्या, कडेला खाचा पाडल्या आणि पालथ्या ठेवल्या. चटणीला सोडलं, तशी ती काचेच्या कडेने पळत गेली, काचेला दोनदा नाक आपटलं आणि कुंडीखाली शिरली. मी रात्री जेवणापर्यंत वाट पाहिली. बाहेर आली नाही.

किड्यांचा डबा फ्रिजच्या दारात ठेवला आहे. अव्वाने आपलं विरजणाचं भांडं दुसऱ्या खणात हलवलं.

८ मे

बेचाळीस अंश. हॉलमधला एसी दिवसभर चालू ठेवतो. सगळ्या जगात या प्राण्याला ऊब द्यावी लागते म्हणे, सोलापुरात गारवा द्यावा लागतो.

उत्कर्षासाठी हॉलमध्येच गादी घातली होती, टाकीशेजारी, एसीत. काल तिने विचारलं, "पप्पा, कॅमेरा थोडा वळवता येईल का? माझी गादी दिसते त्याच्यात."

मी म्हटलं, "चटणीसाठी आहे तो. वळवला तर टाकी अर्धी दिसेल."

"मग रात्री बंद ठेवा."

"रात्रीच तर ती बाहेर येते, तूच सांगितलंस."

ती बरं म्हणाली. आज उठून बघतो तर गादी अव्वाच्या खोलीत. तिथे टेबलफॅनशिवाय काही नाही. अव्वाला विचारलं, तर म्हणाली, "माझ्या कुशीत निजतीय, निजू दे की." एवढा एसी सोडून उकाड्यात झोपायचं म्हणजे आजीची माया. चांगलंच आहे. वकीलसाहेबांना सांगायला हवं, न्यायाधीशांपुढे उपयोगी पडेल.

तरी मनात येतं, पोरगी मोकळी का होत नाही? अव्वाशी हसते. त्यांचं हसणं मला हॉलपर्यंत ऐकू येतं, शब्द कळत नाहीत. मी आत गेलो की अव्वा म्हणते, "काय न्हाय, असंच."

११ मे

चटणी खात नाही. टाकली की अळी तशीच फिरत राहते. उत्कर्षा म्हणते, घाबरली आहे. मी आवेजला फोन लावला. तोही तेच म्हणाला, "तीन बाजू कागद लगाव भाऊ, चार दिन में खाएगी."

कोणी आलं की विचारतं, टाकीत आहे काय? पाच फुटांची टाकी आणि त्यात दोन पालथ्या कुंड्या. शेजारचा सिद्धू म्हणाला, "शिवराजअण्णा, कोथिंबीर लावली का?" सगळे हसले. मलाही हसावं लागलं.

उत्कर्षाने वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी घेऊन तीन बाजू झाकल्या. हॉलच्या मधोमध वर्तमानपत्र चिकटवलेली टाकी. ती दुपारी झोपल्यावर दोन बाजूंचं काढलं, एका बाजूचं ठेवलं. एक कुंडीही काढली. दोनांपैकी एकीत ती जातच नव्हती.

संध्याकाळी तिने बघितलं. कुंडी परत ठेवली.

अव्वा ताटावरून म्हणाली, "माझ्याकडं असं कुणी सारखं बघत बसलं तर मला बी घास उतरायचा न्हाय."

मी म्हटलं, "तू काय पाल आहेस का?" अव्वा हसली नाही.

१४ मे

आज बरं वाटलं. उत्कर्षाला घेऊन आवेजकडे किडे आणायला गेलो. तिने त्याला विचारून कसलीशी पांढरी पूड घेतली, अळ्यांना लावून द्यायची, हाडांसाठी. ती भराभर बोलत होती, आवेज मान डोलवत होता. गाडीवर मागे बसून तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला. खड्डा आला म्हणून असेल. घर येईपर्यंत तो हात तिथेच होता.

रात्री चटणीने दोन अळ्या खाल्ल्या. कागदाने झाकलेल्या बाजूला. उत्कर्षाने मला हळूच हाक मारली. आम्ही दोघं जमिनीवर बसून बघत होतो. तिने दिवा घालवला होता, म्हणून मला फारसं दिसलं नाही, पण ती म्हणत होती ते मी ऐकत होतो. "आता मान वाकडी केली. आता शेपूट हलवतेय, म्हणजे झडप घालणार."

ती इथेच राहील असं मला आज वाटतं.

१७ मे

हे कुणाला सांगण्यासारखं नाही, म्हणून इथे लिहितो.

अक्कलकोटहून वीरभद्रप्पा मामा आले होते. अव्वाचे मोठे भाऊ. नात्यात त्यांचा शब्द चालतो आणि वैजयंतीचा भाऊसुद्धा त्यांना मानतो. पोरगी माझ्याकडे कशी राहते ते त्यांनी डोळ्यांनी बघून जावं, म्हणून मीच बोलावलं होतं. उत्कर्षा सात रस्त्याला मैत्रिणीकडे गेली होती, संध्याकाळी येणार होती.

मामा येण्याआधी मी वर्तमानपत्र सोललं, काच पुसली, कागद काढून टॉवेल अंथरला. त्यांनी टाकी बघितली, खूश झाले. "एल्ली? कुटं हाय जनावर?"

मी म्हटलं, आत आहे. त्यांनी काचेवर बोटाने टकटक केली. काही हललं नाही. "का गेलं सोडून?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते टाकीबद्दलच बोलत होते. तरी मला सहन झालं नाही. मी वरून हात घालून कुंडी उचलली.

चटणी सुटली. काचेवर आपटली, वळली आणि मधेच थांबली. मागच्या पायाचं नख लुपात अडकलं होतं. ती ओढत होती, लूप सुटत नव्हता. पाय तुटेल असं वाटलं, म्हणून मी तिला धरायला गेलो. मागून धरलं. नख सुटलं, ती पुढे गेली, आणि माझ्या चिमटीत शेपूट राहिलं. ते वळवळत होतं. बराच वेळ वळवळत होतं.

मामा "शिव शिव" म्हणत सोफ्यावरून उठले. अव्वा दारात उभी होती. मी दोघांना म्हटलं, हे तिला सांगू नका, आपोआप गळतं ते.

टॉवेल काढला. कागद घातला, कुंड्या ठेवल्या, वर्तमानपत्र होतं तसं चिकटवलं. शेपूट कागदात गुंडाळून कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून आलो. मग मोबाइलमध्ये कॅमेऱ्याचं ॲप उघडलं, काय दिसतं ते बघायला. वर बारीक अक्षरांत आलं होतं, आणखी एक जण पाहत आहे. कारखान्यातल्या जुन्या मोबाइलवर कुणीतरी उघडलं असणार. त्यांना दुसरा उद्योग नाही.

दुपारचं रेकॉर्डिंग काढून टाकलं.

उत्कर्षा संध्याकाळी येणार होती, ती चारलाच आली. मामा तेवढ्यात निघाले होते. सरळ टाकीकडे गेली, कुंडी उचलून बघितली, परत ठेवली. डोळे लाल होते, उन्हातून आली होती.

"पप्पा, काय झालं हिला?"

"गळलं गं आपोआप. घाबरून गळतं म्हणे."

"तुम्ही हात लावला होता का?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. "नक्की, पप्पा?"

"मी कशाला हात लावू? मामा आणि मी बोलत बसलो होतो. अव्वाला विचार."

अव्वा स्वयंपाकघरात गेली.

"बरं," उत्कर्षा म्हणाली. रडली नाही. ओरडली नाही. मला ज्याची भीती होती ते काहीच झालं नाही. पोरगी समजूतदार आहे. प्रकरण मिटलं.

१८ मे

आज ती चटणीजवळ बसून होती. मी शेजारी बसलो. तिने मला विचारलं, "मम्मी असताना किचनमध्ये कॅमेरा होता, तो कुठे गेला?"

मी सांगितलं, तोच हा. चांगला आहे, का टाकायचा?

ती उठून अव्वाकडे गेली.

२० मे

तिला आठवडाभर आधी जायचं आहे. चटणीला प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवायचं, ते जुळे सोलापूरला घराजवळच आहेत, असं म्हणाली. मी म्हटलं, मी नेतो. ती म्हणाली, "नको. मी मम्मीला फोन केलाय. तिने मामाला पाठवलंय, तो खाली थांबलाय."

चटणीला टाकीतून काढताना तिने हात आतल्या कागदावर सपाट ठेवला आणि थांबली. पाल आपण होऊन हातावर चढली. मग तिला त्याच जुन्या डब्यात ठेवलं आणि झाकणावर ओढणी टाकली.

अव्वाच्या पाया पडली. माझ्याही पडली. "टाकी इथेच ठेवतो," मी म्हटलं. "परत आलीस की तयार असेल."

"ठीक आहे, पप्पा," ती म्हणाली.

आत येऊन अव्वाला विचारलं, ही तुला काही बोलली का. अव्वा म्हणाली, "तुला सांगण्यासारखं असतं तर तुलाच सांगितलं असतं की."

२९ मे

शेपूट परत येतं. आवेजने खात्रीने सांगितलं. "दो-तीन महिने में आता. लेकिन वैसा नहीं आता, भाऊ. छोटा, मोटा, चिकना. देखे तो समझता, नया है." टाकी परत घेऊ का, असंही विचारलं. मी नको म्हटलं.

रविवारी ती आली नाही. परीक्षा आहे म्हणाली. मे महिन्यात कसली परीक्षा? क्लासची असेल.

हॉलमध्ये टाकीला वळसा घालून जावं लागतं. अक्कलकोटच्या मामांनी फोनवर अव्वाला काहीतरी सांगितलं, ती कन्नडमध्ये बोलत होती, हळू. मी जवळ गेल्यावर मराठीत पावसाबद्दल बोलायला लागली.

१० जून

उद्याची तारीख पक्की आहे. वकीलसाहेबांनी सकाळी पुन्हा सांगितलं. साडेअकराला हाक होईल. न्यायाधीश उत्कर्षाला एकटीला आत बोलावतील. वैजयंती आणि मी बाहेर बाकावर. दार बंद राहील.

मी विचारलं, "ती आत काय बोलली ते आपल्याला कळेल?"

"कळणार नाही. पोरं मोकळेपणी बोलावीत म्हणून तर एकटीला बोलावतात."

"मला वडील म्हणूनसुद्धा नाही?"

"तिने स्वतः सांगितलं तर," ते म्हणाले. मग थांबून विचारलं, "त्या तीन आठवड्यांत काही झालं नव्हतं ना, शिवराजभाऊ? समोरून काही यायला नको."

मी म्हटलं, काहीच नाही. पोरगी आजीच्या कुशीत झोपायची. पाळलेल्या जनावराला पाच फुटांची टाकी केली, तिने तीनच मागितली होती.

संध्याकाळी उत्कर्षाला मेसेज केला, उद्या घाबरू नकोस, खरं असेल ते सांग. तिने वाचला आहे. उत्तर नाही.

उद्या साधारण दहा मिनिटं ती आत असेल. मग बाहेर येईल, आईबरोबर घरी जाईल. रात्री मी फोन करीन, तेव्हा काय बोलली ते मला सगळं सांगेल. माझ्यापासून तिने आजवर काही लपवलेलं नाही.